बिजाचा पेला आणि साखरेचा हिशेब



आपल्याकडे साठी ओलांडलेल्या बऱ्याच घरांत हल्ली बिजाच्या लाकडाचा पेला दिसतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी तपकिरी झालेले ते पाणी अनशापोटी प्यायचे. उन्हात धरले की त्याला निळसर झाक येते. अर्धा विश्वास तिथेच बसतो. बिजा म्हणजे आयुर्वेदातला विजयसार. बालाघाटच्या जंगलातले हे झाड आपण इमारती लाकूड म्हणूनच जास्त ओळखतो. त्याचा मधुमेहाशी संबंध आहे का? आहे, पण किती, ते पाहू. मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे आकड्यांवर जास्त बोलेन.

वनस्पतींमध्ये फ्लॅव्होनॉइड नावाच्या द्रव्यांचे मोठे कुटुंब असते. जांभळाचा जांभळा रंग, चहाचा तुरटपणा, कांद्याच्या सालीचा पिवळेपणा ही त्यांचीच करणी. यांतील काही द्रव्ये पिष्ट पचवणाऱ्या रसांचा वेग कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसते. पण परीक्षानळीतला परिणाम पोटात तसाच होतो असे नाही. ही द्रव्ये रक्तात फार थोडी उतरतात.

बिजाच्या सालीत एपिकॅटेचिन नावाचे फ्लॅव्होनॉइड आहे. १९८०च्या सुमारास काशी हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी ते मधुमेही उंदरांना दिले आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा तयार झाल्याचे सांगितले. मोठी खळबळ उडाली. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

माणसांवरची महत्त्वाची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. चार केंद्रांवर नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांना रोज २ ते ४ ग्रॅम विजयसार दिला. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली, म्हणजे ६९ टक्के. जाहिरातवाले इथेच थांबतात. त्याच चाचणीत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी ताळेबंद, ९.८ वरून फक्त ९.४ वर आला. डॉक्टर बहुतेकांना ७च्या आसपास आणायला सांगतात. शिवाय तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता, आणि मात्रा मोजलेली होती. आपल्या पेल्यात किती द्रव्य उतरते, हे कोण मोजतो? नवा पेला गडद रंग देतो, जुना झाला की पाणी फिकेच राहते.

फ्लॅव्होनॉइडचे खरेखुरे औषध झालेले उदाहरणही आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळे केले गेले. ते मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर सोडते, पण तोंडावाटे घेतल्यास आतड्यात त्याचे तुकडे होतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल केले आणि त्यातून डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या निघाल्या. म्हणजे आपल्यापैकी काही जण सकाळी झाडाचीच विद्या गिळतात, फक्त मिलिग्रॅममध्ये मोजलेली.

पेला वापरायचाच असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून असे काही घेतले तर साखर एकदम खाली जाऊ शकते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आणि पेल्याच्या भरवशावर गोळी परस्पर बंद करणे त्याहून वाईट. चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय मिळाल्याचा आनंद आहेच, पण ताटातला भात मात्र वाटीनेच मोजायचा. पेला सुरू करण्याआधी एचबीए१सी करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लावा.