गुठळी विरघळवतं कोण?

लातूर-नांदेडहून रात्री ट्रॅव्हल्सने निघालेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो, तेव्हा पाय जड झालेले असतात. दोन्ही सारखे सुजले असतील, तर बहुधा ती रात्रभर खाली सोडून बसल्याची सूज, दुपारपर्यंत ओसरते. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, की घरात आधी तेलाची वाटी बाहेर येते. ती परत ठेवावी आणि दवाखाना गाठावा. आतल्या शिरेत गुठळी असली, तर चोळण्याने तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो.

चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला, तर अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. मग ते विमान असो वा बस. धडधाकट माणसाच्या बाबतीत तो मुळात लहानच. खरी काळजी ऑपरेशन, मोडलेलं हाड, बाळंतपण, कॅन्सर यांच्यानंतरची.

गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. हे जाळं तोडायची तयारी शरीराने आधीच केलेली असते. यकृतात बनलेलं प्लाझ्मिनोजेन रक्तात निष्क्रिय फिरत असतं आणि गुठळी धरताना तिच्यातच अडकून बसतं. शिरेच्या अस्तरातून टीपीए हे द्रव्य सुटतं, फायब्रिनला चिकटतं आणि प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं. धागे तोडतं ते हे प्लाझ्मिन. रक्तात मोकळं सुटलं तर ते लगेच निकामी केलं जातं. नाहीतर भलतीकडेच रक्तस्राव व्हायचा.

तुटलेल्या धाग्यांचा एक तुकडा म्हणजे डी-डायमर. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते, तोच. गरोदरपणात, जंतुसंसर्गात, ऑपरेशननंतरही तो वाढतो, त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. पायाचा निकाल डॉपलर सोनोग्राफीच देते.

मांडीच्या शिरेतली लांबलचक गुठळी एकट्या प्लाझ्मिनने हटत नाही. तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात, आधी न्यूट्रोफिल, मागून मोनोसाइट. त्या जाळं कुरतडतात, मेलेल्या पेशी गिळतात. गुठळी आकसते, भिंतीपासून सुटते आणि फटींतून रक्त पुन्हा वाट काढतं. याला आठवडे लागतात, कधी महिने. काही वेळा व्रण राहतो, शिरेतल्या झडपा बिघडतात. मग रोज संध्याकाळी पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते.

‘रक्त पातळ करायची गोळी’ रक्त पातळ करत नाही आणि गुठळीही विरघळवत नाही. ती नवी भर थांबवते. उपसा शरीरच करतं. म्हणून सूज दहा दिवसांत उतरली तरी गोळी सहसा किमान तीन महिने असते. गुठळी थेट विरघळवणारी इंजेक्शनं आहेत, पण रक्तस्रावाच्या भीतीने पायासाठी ती क्वचितच देतात.

सोयाबीनच्या आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट कानावर येईल: नॅटोकायनेजच्या कॅप्सूल. जपानी लोक सोयाबीन आंबवून नाट्टो करतात. त्यातलं फायब्रिन तोडणारं हे विकर हिरोयुकी सुमी यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलं. ते तयार करतो आंबवणारा जिवाणू, त्यामुळे आपल्या सोयाबीन तेलात किंवा वड्यांत ते शोधू नये. डॉक्टरांच्या गोळीऐवजी या कॅप्सूल चालतील, असा पुरावा नाही. आणि वॉरफरिन घेणाऱ्यांना खुद्द जपानातले डॉक्टर नाट्टो वर्ज्य सांगतात, कारण त्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा परिणामच मारतं.