उसन्या गाण्यांची श्रीमंती

दुसऱ्याची गाणी गाणाऱ्यांचा आढावा घ्यायचा, तर शिरस्त्याप्रमाणे आधी पॅट बूनला चार शिव्या घालाव्या लागतात. लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी'तला सगळा दंगा काढून घेऊन ते त्याने गोऱ्या घरांत पोचवलं, म्हणून. त्या घातल्या असं समजा आणि पुढे चला.

पुढे हमखास दोन नावं येतात. डिलनचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' 1967च्या डिसेंबरात आलं आणि वर्षाच्या आत हेन्ड्रिक्सने ते असं काही वाजवलं की नंतर खुद्द डिलनही मैफलीत त्याच अंगाने गाऊ लागला. दुसरा जो कॉकर. रिंगोने हसतखेळत गायलेलं बीटल्सचं गाणं त्याने संथ, झुलत्या लयीत नेलं आणि 1969 साली वुडस्टॉकला त्यावर घसा फोडला. दोन्ही थोरच. पण यादी इथेच संपवणाऱ्या आमच्या रॉकभक्त मित्रांशी माझं जुनं भांडण आहे. खरी कमाल मेम्फिस आणि अलाबामात चालली होती, आणि ती सोलवाल्यांची होती.

मेम्फिसमधल्या स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमीन उतरतीच राहिली. वादक पगारी, घरचे. त्यांत काळे आणि गोरे शेजारी बसून वाजवत, तेही त्या काळातल्या मेम्फिसमध्ये. 1965च्या जुलैत ओटिस रेडिंगने इथे 'ओटिस ब्लू' हा अख्खा अल्बम साधारण एका दिवस-रात्रीत केला. मध्ये काही तास काम थांबलं, कारण वादकांना क्लबात वाजवायला जायचं होतं! काही महिन्यांपूर्वीच गेलेल्या सॅम कुकची तीन गाणी त्यात आहेत, आणि रोलिंग स्टोन्सचं तेव्हा ताजं असलेलं 'सॅटिस्फॅक्शन'ही. त्या गाण्याची गिटारवरची सुरावट कीथ रिचर्ड्सला खरं तर ब्रासवर हवी होती. गिटारचा तो घरघरता आवाज त्याच्या लेखी नुसता कच्चा आराखडा होता. रेकॉर्ड मात्र तशीच बाजारात आली. ओटिसने ती सुरावट ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर घेतली. रचनाकाराच्या कानात होतं ते लंडनच्या गटाला जमलं नाही, मेम्फिसला जमलं. मी ती रेकॉर्ड प्रथम हातात घेतली तेव्हा लेबलवर गाण्याखाली जॅगर-रिचर्ड्स ही नावं वाचून चक्रावलो होतो. मला ते गाणं ओटिसचंच वाटलं होतं. आजही वाटतं.

त्याचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' तर याहून वरचं. मूळ गाणं 1932चं, बॉलरूममध्ये जोडप्यांनी हलकेच नाचावं असलं. बिंग क्रॉस्बीने गायलेलं. 1966 साली ओटिस सुरुवातीला तितक्याच हळुवारपणे बोलतो. मागे अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीने नुसतं टिक-टिक करत राहतो. आयझॅक हेजचा हात या मांडणीत होता. हळूहळू ऑर्गन येतो, गिटार येते, लय चढत जाते आणि शेवटी ओटिस शब्द सोडून नुसत्या हुंकारांवर येतो. एका गाण्यात विलंबितापासून द्रुतापर्यंतचा प्रवास, तोही चार मिनिटांच्या आत.

ओटिसला त्याच्याच औषधाचा डोस दिला अरीथा फ्रँकलिनने. 'रिस्पेक्ट' मूळ त्याचं, 1965चं. कमावून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतो. 1967च्या फेब्रुवारीत अरीथाने तीच मागणी बाईच्या तोंडी घातली. ती शब्दाची एकेक अक्षरं सुटी करून ठणकावते ते मूळ गाण्यात नाहीच; मागून साथ देणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणी. मधल्या सॅक्सोफोनच्या तुकड्याखालचे कॉर्ड सॅम अँड डेव्हच्या एका गाण्यातून उचललेले, म्हणजे उसन्यात आणखी उसनं. मॉन्टेरी संगीत महोत्सवाच्या मंचावर ओटिस गमतीने कबूल करून गेला की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं. पैसे मात्र त्याच्याकडेच येत राहिले. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला गीतकार-प्रकाशकाला मिळतो, गाणाऱ्याला नाही.

अलाबामात, मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत 1968 साली विल्सन पिकेटने 'हे ज्यूड' गायलं. बीटल्सची रेकॉर्ड अजून गाजत असताना हे धाडस कशाला, असं सगळ्यांना वाटत होतं. हट्ट धरला डुएन ऑलमन नावाच्या, तेव्हा अनोळखी, गोऱ्या पोराने. शेवटी पिकेट किंचाळतो आणि ऑलमनची गिटार त्याला उत्तर देते ते ऐका. पुढच्या वर्षी हेजने 'वॉक ऑन बाय' बारा मिनिटांचं केलं. अल ग्रीनने बी जीजना रडवेपणातून सोडवलं. नंतरचा डिस्को आणि सिंथेसायझरचा काळ मी खुशाल वगळतो.

'मूळ ते मूळ' म्हणणारे पंडित आपल्याकडेही आहेत. गंमत म्हणजे हेच लोक शंभर गवयांनी गायलेली एकच बंदिश माना डोलावत ऐकतात. तिथे 'मूळ गायक कोण' असं कुणी विचारत नाही. याने काय केलं, एवढंच विचारतात. इथेही तेवढंच विचारा.

आज दुसऱ्याची गाणी पूर्वीपेक्षा जास्त गायली जातात. एक जात सूर न् सूर नक्कल करणारी, हॉटेलातली आणि टीव्हीस्पर्धांतली. दुसरी जात जाहिरातीतली: कुठलंही गाणं घ्या, पियानोवर रेंगाळवा, मुलीला कुजबुजायला लावा. दोन्हींत धाडस नाही, कारण मागे एकमेकांना ओळखणारे वादक नाहीत. 2016 साली मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान बंद झालं आणि लेबलं वाचत उभं राहण्याची चैनही गेली. आता गाणं कुणी लिहिलं हे मोबाइलच्या पडद्यावर शोधावं लागतं; शोधतो कोण?

वाचकांनी एक करावं. 'रिस्पेक्ट' आधी ओटिसचं ऐकावं, मग लगेच अरीथाचं. त्यानंतरही कुणी म्हणालं की उसनं गाणं ते उसनंच, तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये.