ग्वाकामोले : अव्होकाडोची चटणी

अव्होकाडो हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील होय. आपल्या देशात ते निलगिरी, कूर्ग, वायनाड, सिक्कीम इत्यादी भागांत होते. बाजारात त्यास बटर फ्रूट असेही म्हणतात. अलीकडे महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही त्याची लागवड केली आहे. तथापि घरात हे फळ कसे खावे, याची माहिती पुष्कळांस नसते. कच्चे फळ कापले असता ते चिवट व कडवट लागते, आणि मग ते गुरांपुढे टाकले जाते. या दोन चुकांपैकी दुसरी अधिक घातक आहे. तिच्याविषयी शेवटी सांगितले आहे.

मेक्सिकोत या फळाची चटणी करून खाण्याची चाल फार जुनी आहे. तेथील नाहुआत्ल भाषेत फळास ‘आवाकात्ल’ व कालवणास ‘मोली’ म्हणतात. त्यावरून ग्वाकामोले हा शब्द स्पॅनिश भाषेत रूढ झाला. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या तीन पायांच्या खलात ती वाटतात. मिरची व टोमॅटो ही तिकडचीच पिके. आज तीत पडणारे कांदा, कोथिंबीर व लिंबू मात्र सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तेथे नेले. म्हणजे एक फळ सोडले, तर या चटणीचे सर्व साहित्य आपल्या स्वयंपाकघरात असतेच.

अव्होकाडो झाडावर पिकत नाही. पूर्ण वाढ झालेले फळ देठासह उतरवून आंब्याप्रमाणे आढीत अथवा कागदी पिशवीत सावलीत ठेवावे. सोबत पिकलेले केळे ठेवल्यास ते लवकर पिकते. सुमारे चार ते आठ दिवसांत देठाजवळ अंगठ्याने हलके दाबता फळ किंचित दबले, की ते तयार झाले असे समजावे. हास जातीची साल पिकताना काळपट होते, परंतु इतर पुष्कळ जातींची हिरवीच राहते. म्हणून रंगावर विसंबू नये. कोवळे उतरवलेले फळ पिकण्याऐवजी सुरकुतते, त्याची चटणी होत नाही.

आठ-दहा माणसांसाठी सुमारे अर्धा किलो गर घ्यावा. फळे प्रथम वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. साल खायची नसली तरी हे आवश्यक आहे, कारण सालीवरील जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. फळ तळहातावर धरून कापू नये. सुरी बियेवरून निसटून हातात शिरते. ते पाटावर ठेवून उभे चिरावे व बी चमच्याने काढावी. खलात दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर व अर्धा चहाचा चमचा मीठ वाटून त्यात गर घालावा आणि जाडसर ठेचावा. अगदी गुळगुळीत केल्यास चव हरवते. मग एक बारीक चिरलेला लहान कांदा व एका लिंबाचा रस मिसळावा. टोमॅटो घालावयाचा असल्यास बिया व पाणी काढून टाकावे. काही मोठी, हिरव्या सालीची फळे मुळातच पाणचट असतात. त्यांत टोमॅटो न घातलेलाच बरा.

ही चटणी उघडी राहिली की काळी पडते. गरातील विकर व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने हे घडते. चिरलेले वांगे काळे पडते त्याचे कारणही तेच. लिंबाच्या आंबटपणाने ही क्रिया मंदावते. बी चटणीत ठेवल्यास ती हिरवी राहते अशी समजूत आहे. परंतु बियेखालचा तेवढाच भाग झाकला जातो, बाकीचा काळा पडतोच. चटणी चेपून सपाट करावी व तिच्या पृष्ठभागास चिकटेल असे स्वच्छ झाकण घालावे.

काळेपणाने केवळ रूप बिघडते. खरा धोका न दिसणाऱ्या जंतूंचा आहे. या चटणीला आच लागत नाही. अमेरिकेत १९९८ ते २००८ या काळात उपाहारगृहांतील ज्या विषबाधांचे मूळ अन्न सापडले, त्यांपैकी दर २५ मध्ये सुमारे एक अशाच कच्च्या चटण्यांमुळे झाली होती. म्हणून हळदीकुंकू अथवा मंडळाची सभा यांसाठी ती सकाळी करून ठेवू नये. पाहुणे जमल्यावर करावी, लहान वाट्यांतून थोडी थोडी वाढावी आणि दोन तासांत संपवावी. कडक उन्हाळ्यात एका तासात. एकाच भांड्यात सर्वांचे हात पडू देऊ नयेत. प्रात्यक्षिक दाखविताना ग्रामसेविकांनी हात धुण्यापासूनच आरंभ करावा.

१०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश, ६ ते ७ ग्रॅम तंतू व १६० उष्मांक असतात. साखर जवळजवळ नसते. स्निग्धांश बहुतांशी शेंगदाणा तेलात असतो त्या हितकर प्रकारचा आहे. तरीही तळलेल्या खारट पदार्थांबरोबर चटणी खाल्ल्यास हा लाभ फारसा उरत नाही. काकडी, गाजर किंवा ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे तिच्याबरोबर उत्तम लागतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यांस विचारावे, कारण या फळात पोटॅशियम पुष्कळ असते.

आता गोठ्याविषयी. अव्होकाडोची पाने, साल व बी यांत पर्सिन नावाचे विषारी द्रव्य असते. माणसास गरापासून अपाय होत नाही. पण पाने खाल्लेल्या शेळ्या-गायींची कास सुजते, दूध आटते व हृदयावरही परिणाम होतो. कोंबड्यादी पक्ष्यांना तर ते फारच बाधते. छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नयेत. साली व बिया उकिरड्यावर न फेकता शेळ्या-कोंबड्या उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुराव्यात.