मोटार चालते पण पाणी येत नाही? भरायला टाकण्याआधी एवढं तपासा

जामखेड : मागच्या रब्बीत ऐन कांद्याच्या पाण्याला आमच्या विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीनं पाणी सोडलं. आवाज नेहमीचा, पाईप मात्र कोरडा. मोटारच गेली असं समजून खोलली, गाडीवर टाकून दुकानात नेली. 'खोललीच आहे तर भरूनच घ्या' म्हणाले, भरून घेतली. चार दिवस अन् पैसे गेले. परत बसवली तर पुन्हा तेच! शेवटी फुटबॉल (फुटव्हॉल्व्ह) वर काढला, तर पडद्यात पाचटाची काडी अडकलेली. असं कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी लाईट बंद
ऑटो स्विच बंद करा, मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटो चालू राहिला तर लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते आणि विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. ओल्या हातानं स्टार्टर उघडू नका. अर्थिंगची तार तुटलेली असेल तर ती आधी जोडा.

मोटार फिरते, पाणी नाही
मोनोब्लॉक असेल तर पंपात पाणी भरून थोडं थांबा. पाणी खाली उतरलं तर बहुतेक फुटबॉल गळतोय. कचरा काढा, वायसर झिजला असेल तर बदला. पाणी टिकतं पण मोटार चालू केली की सोडते, तेव्हा ती कुठून तरी हवा घेते. सक्शनचे जोड आणि ग्लॅन्डची दोरी बघा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं की चांगली मोटारही उचलत नाही. मोनोब्लॉक साधारण सहा-सात मीटरच्या पुढं पाणी ओढत नाही, मग ती खाली घ्यावी लागते.

सबमर्सिबल असेल आणि डीपीचं काम झाल्यापासून पाणी कमी झालं असेल, तर फेज उलटे जोडले गेले असतील. मोटार उलटी फिरते. स्टार्टरवर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की काम होतं, हे वायरमनकडून करून घ्या.

नुसतं घूं करते
लगेच बंद करा. तीनपैकी एक फेज गेलेला असतो. तशीच चालू ठेवली तर राहिलेल्या दोन फेजवर करंट खूप वाढतो आणि वाइंडिंग जळतं. फ्यूज, डीपीवरचा डीओ, केबलचा जोड तपासा. सिंगल फेज मोटारीला असं झालं तर आधी कंडेन्सर बघा. तो स्वस्तात बदलून मिळतो.

स्टार्टर सारखा पडतो
ओव्हरलोड रिलेचा काटा वाढवून मोटार 'चालवून घ्यायची' सवय आपल्याकडं आहे. ती महागात पडते. नेमप्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात, काटा तेवढ्यावरच ठेवा. व्होल्टेज कमी असेल, पंख्यात गाळ बसला असेल किंवा बेअरिंग जाम असेल तरी स्टार्टर पडतो. पावसात विहिरीत गाळ आला असेल तर मोटार तळापासून वर टांगा.

जळूच नये म्हणून
सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ड्राय रन बसवून घ्या. दोन फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेज मोटार ओढू नका. डीओ गेला तर स्वतः डीपीवर चढू नका, महावितरणच्या १९१२ वर तक्रार द्या किंवा लाइनमनला बोलवा. एक दिवस पाणी उशिरा बसलं तरी कांदा तग धरतो. डीपीवर गेलेला माणूस परत येत नाही.

एवढं बघूनही मोटार चालली नाही, तरच भरायला न्या. आणि दुकानदाराला आधी विचारा, 'वाइंडिंग मीटरवर तपासून दाखवा.' आमच्यासारखं खोललीच आहे म्हणून भरून घेऊ नका.