नेपाम डेथ : मेटलकडे जाताना पंक सुटलं नाही

'स्कम' या १९८७च्या रेकॉर्डच्या दोन बाजूंवर खरं तर दोन निरनिराळे बँड वाजतात. नाव मात्र एकच, नेपाम डेथ. पहिली बाजू ऑगस्ट १९८६मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, दुसरी मे १९८७मध्ये. मधल्या नऊ महिन्यांत बेस वाजवणारा आणि गाणारा निक बुलेन गेला, गिटारवरचा जस्टिन ब्रॉडरिक गेला. ली डोरियन, बिल स्टीअर आणि जिम व्हिटली आले. दोन्ही बाजूंवर असलेला माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. पुढे तोही गेला. 'स्कम'वर वाजवलेलं आज बँडमध्ये कुणीही नाही. तरीही हा तोच बँड आहे असं मी ठामपणे म्हणतो, आणि त्याचं कारण त्यांच्या वाजवण्यापेक्षा ते कशासाठी वाजवतात यात आहे.

कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन गावात १९८१मध्ये निक बुलेन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी पोरांनी बँड काढला. त्यांचं दैवत होतं क्रास. स्वतःच्या रेकॉर्ड स्वतः काढायच्या, स्वस्तात विकायच्या, युद्ध, चर्च आणि सरकार यांच्याविरुद्ध गायचं, असा हा अराजकतावादी पंक बँड. क्रासने नवख्या बँडची जी संकलनं काढली, त्यांपैकी १९८४च्या एका संकलनात नेपाम डेथचं गाणं आहे. ते ऐकलं तर पुढच्या वादळाची चाहूलही लागत नाही.

वादळ आलं ते कॅसेटींमधून. त्या काळात पोरं एकमेकांना पोस्टाने कॅसेटी पाठवत. मॅसॅच्युसेट्सच्या सीजचा बेफाम वेग, मिशिगनच्या रिपल्शनचा किळसवाणा गढूळ आवाज, स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टचा जडपणा हे सगळं बर्मिंगहॅमच्या खोल्यांपर्यंत पोचलं. घरचा, म्हणजे इंग्लंडचाच, डिस्चार्ज हा पंक बँड तर होताच. या मंडळींचा अड्डा म्हणजे स्पार्कहिल भागातला 'द मर्मेड' हा पब. तिथे पंकवाले आणि मेटलवाले एकाच छपराखाली उभे राहायचे, आणि १९८०च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती. केसांच्या लांबीवरून मारामाऱ्या होत.

मिक हॅरिसने केलं ते समजायला ड्रमच्या जवळ जायला हवं. साध्या रॉक गाण्यात बेस ड्रम आणि स्नेअर आळीपाळीने पडतात. त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेत मान डोलते. हॅरिसने ती जागा जवळजवळ बुजवून टाकली. ठोके इतके जवळ आले की ते मोजता येईनात, त्यांची एक सलग घरघर झाली. याला ब्लास्ट बीट म्हणतात. तो पहिल्यांदा हॅरिसनेच वाजवला असं नाही, पण 'ग्राइंडकोअर' हे नाव त्याने रूढ केलं. 'स्कम'वर अशी २८ गाणी आहेत. पहिल्या बाजूच्या शेवटी 'यू सफर' येतं. १.३१६ सेकंदांचं हे गाणं जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून गिनीजमध्ये नोंदलं गेलं. लोक ते गंमत म्हणून एकमेकांना ऐकवतात. मला त्यात गंमत दिसत नाही. दुःख का, हा त्यातला प्रश्न विचारायला त्याहून जास्त वेळ लागत नाही, उत्तराला लागतो.

नॉटिंगहॅमच्या इअरेक या छोट्या कंपनीने रेकॉर्ड काढली आणि बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील ती वाजवू लागले. १९८८चा दुसरा अल्बम ब्रिटनच्या इंडी यादीत पहिला आला. पण १९८९मध्ये जपानच्या दौऱ्यानंतर डोरियन आणि स्टीअर दोघंही बाहेर पडले. एकाने कॅथीड्रल हा संथ, जड बँड काढला, दुसरा कारकसमध्ये रमला. ब्रॉडरिक त्याआधीच गॉडफ्लेशकडे गेला होता. एका बँडच्या फुटीतून इंग्लंडच्या जड संगीताच्या तीन वेगळ्या वाटा निघाल्या.

मग मेटलची पाळी आली. बेनेडिक्शनमधून मार्क 'बार्नी' ग्रीनवे गायला आला, अमेरिकेतून मिच हॅरिस आणि जेसी पिंटाडो गिटार घेऊन आले, बेसवर १९८७मध्ये आलेला शेन एम्बरी होताच. १९९०चा 'हार्मनी करप्शन' त्यांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा इथल्या मॉरिसाउंड स्टुडिओत, डेथ मेटलचा त्या वेळचा हुकमी निर्माता स्कॉट बर्न्स याच्याबरोबर केला. गाणी लांबली, रिफ स्पष्ट झाले, आवाज पोटातून यायला लागला. जुन्या पंकवाल्यांना तो विश्वासघात वाटला. मला तो अल्बम आवडतो, पण त्यातला आवाज टॅम्पाच्या इतर दहा बँडसारखा गुळगुळीत झाला आहे, हेही खरं. शब्द मात्र कुठेच मवाळ झालेले नाहीत. टॅम्पाचे बँड प्रेतं आणि सैतान यांत रमले होते, तेव्हा हे धर्माच्या नावाने चालणाऱ्या जुलमावर गात होते.

नव्वदचं दशक चाचपडण्यात गेलं. १९९४चा 'फिअर, एम्प्टिनेस, डिस्पेअर' कोलंबियासारख्या बड्या कंपनीमार्फत अमेरिकेत गेला, त्यातलं एक गाणं 'मॉर्टल कॉम्बॅट' सिनेमाच्या अल्बममध्येही आलं. वेग उतरला, ठेका आला. १९९६मध्ये तर बार्नीलाच काढलं. तो एक्स्ट्रीम नॉइज टेररमध्ये गेला आणि तिथला फिल व्हेन इकडे आला. काही महिन्यांतच बार्नी परत आला.

इअरेक सोडल्यावर, २०००च्या सुमारास, बँडला सूर सापडला. तेव्हापासूनच्या अल्बमांमध्ये ब्लास्ट बीट आहे, डेथ मेटलची जाडी आहे आणि मधूनच एखादा संथ, कण्हणारा भागही आहे. २०१२च्या 'युटिलिटेरियन'मध्ये जॉन झॉर्नचा सॅक्सोफोन किंचाळतो. इतरांची गाणी त्यांनी जी गायली त्यांतही पंक आणि मेटलचं मिश्रण दिसतं : २००४च्या एकाच अल्बमवर डिस्चार्ज आणि क्रिएटर, सीज आणि सेपल्चुरा शेजारी शेजारी आहेत. २०२०च्या अल्बमच्या विशेष आवृत्तीत रुडिमेंटरी पेनीचं गाणं आहे, म्हणजे थेट क्रासच्या वर्तुळातलं.

'स्कम'चं पहिलंच गाणं बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आहे : मिनिटभराचा गोंगाट आणि त्यात घुसमटलेले शब्द. पोरांचा राग होता तो, नेम धरलेला नव्हता. एप्रिल २०१३मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली. पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे ११००हून अधिक लोक त्यात गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं होतं. त्या घटनेतून २०१५चा 'अ‍ॅपेक्स प्रेडेटर – ईझी मीट' उभा राहिला. आता राग तोच, पण त्याला पत्ता मिळाला होता. मला या बँडचा हा सर्वांत मोठा अल्बम वाटतो. ढाक्याजवळची ती इमारत आपल्याकडच्या कुठल्याही शिलाई कारखान्याची असू शकली असती, हे ऐकताना विसरता येत नाही.

त्याच वर्षी इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना मृत्युदंड द्यायच्या तयारीत होते. विडोडो मेटलचे जाहीर चाहते, नेपाम डेथचा टी-शर्ट घातलेले त्यांचे फोटो जगभर फिरले होते. ग्रीनवेने त्यांना पत्र लिहून दयेची विनंती केली. इतक्या मोठ्या पदावरचा चाहता कुठल्याही बँडला मिरवावासा वाटला असता. याने त्याला जाब विचारला. विनंतीचा उपयोग झाला नाही. २९ एप्रिल २०१५ला आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ग्रीनवे आजही कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये थांबतो, पुढचं गाणं कशावर आहे ते शांत आवाजात सांगतो आणि मग ते सुरू होतं.