केस न काढता केसाळ

मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना त्याचं अंग नेमकं कुठे संपलं, हे बोटांना कळत नाही. लव विरळ होत होत हवेत मिसळून जाते. व्हेक्टर पद्धतीची चित्रं काढणारी सॉफ्टवेअर्स, म्हणजे इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा इंकस्केप, मात्र कडेवरच चालतात. त्यांच्या लेखी आकार म्हणजे एक बंद रेषा आणि तिच्या आत भरलेला रंग. ज्याला धड कडच नाही ते निव्वळ कडांनी उभं करायचं, हा केसाळ कार्टून पात्रं काढणाऱ्यांपुढचा पेच आहे. जाणत्या चित्रकारांनी त्यावर काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. ते केस काढण्याच्या फंदात पडत नाहीत. केस कुठून कुठे वळले आहेत, तेवढंच दाखवतात.

मोटारींच्या कारखान्यातून आलेली रेषा

या सॉफ्टवेअर्समधली वक्ररेषा जन्माला आली ती फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने गाडीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुपित ठेवली. १९६० च्या दशकात रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच साधलं आणि प्रसिद्धही केलं, म्हणून रेषेला नाव मिळालं ते बेझिए यांचं. अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेत ती रेषा आली आणि १९८७ साली निघालेल्या इलस्ट्रेटरने ती चित्रकाराच्या हाती दिली. १९८९ मध्ये कॅनडातल्या कोरेल कंपनीचं कोरलड्रॉ आलं. आपल्याकडची लग्नपत्रिकांपासून फ्लेक्सपर्यंतची कितीतरी कामं पुढे त्याच्यावर झाली. २००३ साली सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळं झालेलं इंकस्केप तर मुक्त आणि मोफत आहे. घरात साधा संगणक असला, तरी शाळकरी मुलाला त्यावर हात बसवता येतो.

या रेषेचं मर्म कागद-पेन्सिल घेऊन पाहता येतं. चार बिंदू मांडा आणि क्रमाने जोडा. तीन रेषाखंड होतील. तिन्हींचे मध्यबिंदू जोडले की दोन रेषाखंड मिळतात, त्या दोहोंचे मध्य जोडले की एक. या शेवटच्या रेषाखंडाचा मध्य आपल्या वक्ररेषेवर असतो. मध्याऐवजी एक तृतीयांश, एक दशांश अशी प्रमाणं घेत गेलं की सबंध रेषा उभी राहते. पडद्यावर चित्रकाराला हे करावं लागत नाही. त्याच्यासमोर असतात नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, आणि त्यांतून निघालेली हँडलं. हँडल ज्या दिशेला असेल त्या दिशेनेच रेषा नोडमधून बाहेर पडते. नोडची दोन्ही हँडलं एका ओळीत असली की बाक गुळगुळीत जातो, त्यांची ओळ मोडली की टोक निघतं. केसांचा पुंजका म्हणजे असं एक टोक. त्याची एक बाजू लांब आणि फुगीर हवी, दुसरी आखूड आणि आत वळलेली. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या, तर पुंजक्याऐवजी करवतीचे दाते दिसतात.

काटकसरीची परंपरा

थोडक्यात केसाळपणा दाखवण्याची ही कला संगणकाच्या आधीची आहे. १९४० सालच्या ‘पस गेट्स द बूट’ या ‘टॉम अँड जेरी’च्या पहिल्या कार्टूनपटात, पुढे टॉम म्हणून ओळखला गेलेला बोका चांगलाच झिपरा होता. सेकंदाला २४ चौकटी लागणाऱ्या धंद्यात एवढे केस हाताने पुन्हा पुन्हा काढणं परवडणारं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्याचं अंग सफाईदार झालं आणि झुपके मोजक्या जागी उरले. तरी तो बोका आहे याविषयी कुणाच्या मनात शंका आली नाही. याच्या दुसऱ्या टोकाला पिक्सारचा २००१ सालचा ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ आहे. त्यातल्या सली या राक्षसाच्या अंगावर २३ लाखांहून अधिक केस संगणकाने हलवले. व्हेक्टर चित्रकाराचा रस्ता टॉमचा आहे. फायरफॉक्स या ब्राउझरचं बोधचिन्हही त्याच रस्त्याने गेलं. २००४ च्या चिन्हातल्या कोल्ह्याच्या अंगावर केसांच्या बटा दिसत. २०१३, २०१७ आणि २०१९ च्या नव्या आवृत्त्यांत त्या कमी होत गेल्या. मोबाइलच्या इवल्याशा चौकोनात बटा दिसत नाहीत, बाह्याकार दिसतो.

ही कला जिवापाड जपणारा एक चाहतावर्गही आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात, विज्ञानकथांच्या संमेलनांच्या आधाराने, माणसासारखे वागणारे-बोलणारे प्राणी आवडणारी मंडळी जमू लागली. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे त्यांचं कॉनफ्युरन्स हे स्वतंत्र संमेलन भरलं. ‘फरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींपैकी अनेकांचं स्वतःचं पात्र असतं आणि त्याची रेफरन्स शीट असते: पात्र समोरून, मागून, आणि शेजारी ठरलेले रंग. अशी शीट व्हेक्टरमध्ये असली की छातीवरच्या बिल्ल्यापासून भिंतीएवढ्या फलकापर्यंत कड तेवढीच स्वच्छ राहते. खेळांच्या शुभंकरांनाही हेच लागतं. पुण्यात २००८ साली झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेचा ‘जिगर’ हा वाघाचा बछडा होता, दिल्लीच्या २०१० च्या स्पर्धेचा ‘शेरा’ हा वाघ. अशा पात्राला टोपीवरही बसावं लागतं आणि होर्डिंगवरही.

शेकरू काढताना

महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेलं, भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू उदाहरणाला घेऊ. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट, शेपूट धडाइतकी लांब आणि झुपकेदार. आधी डोकं, धड आणि शेपूट यांचे आकार शक्य तितक्या कमी नोडमध्ये, अगदी गुळगुळीत काढावेत. मग वरच्या लेयरवर केसांच्या दिशेचे बाण काढावेत: नाकाकडून कपाळाकडे, गालांवरून मागे, छातीवरून खाली, पायांवरून पंजांकडे आणि शेपटीत मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना, तिरके, टोकाकडे झुकलेले. हा लेयर छापायचा नसतो, पण चित्राचा जीव त्यात असतो.

आता कड मोडायची, तीही ठरावीक ठिकाणीच: गालाखाली, छातीवर, कोपरामागे आणि शेपटीवर. नाक आणि पंजे नितळ ठेवायचे, कारण तिथले केस आखूड असतात. गालावर तीन पुंजके पुरतात, मात्र तिन्ही वेगवेगळ्या मापांचे. शरीर जिथे वाकतं तिथे बाहेरच्या बाजूचे पुंजके फाकतात आणि आतल्या बाजूचे मिटतात. शेपटीचा बाक एवढ्यानेच जिवंत होतो.

बाह्याकाराइतकीच महत्त्वाची असते ती दोन रंगांची वेस. पाठीचा तपकिरी रंग जिथे पोटाच्या फिकट रंगाला भेटतो, तिथेही पुंजक्यांची टोकं हवीत. गडद रंग वर, फिकट खाली. मूळ रंग, एक सावली आणि एक उजेड एवढ्यात काम भागतं. सावलीचा आकार मूळ आकारात क्लिप केला की तो बाहेर सांडत नाही. रंग कमी ठेवण्याला छपाईचंही कारण आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते. विनाइल कटिंगमध्ये पुंजक्याचं टोक फार बारीक असलं, तर नको असलेलं विनाइल सोलताना तेही उचकटून येतं. तेव्हा चित्र छोटं होऊन कुठल्या मापात छापलं जाणार, हे ठरवूनच टोकांची जाडी ठेवावी.

रेषेला आपोआप खरबरीत करणारे इफेक्ट सगळीकडे आहेत, तयार फर-ब्रशही मिळतात. घाईच्या कामात त्यांचा उपयोग होतो. पण अशा इफेक्टला गाल कुठला आणि पंजा कुठला हे कळत नाही; तो सगळीकडे सारखेच काटे उभे करतो आणि कार्टून प्राणी भेदरलेला दिसू लागतो. केसांची दिशा ठाऊक असते ती प्राणी पाहिलेल्या माणसाला. म्हणून केसाळ पात्रं काढायची हौस असलेल्या मुलांना मी ब्रशचे संच सुचवणार नाही. गल्लीतलं कुत्रं, घरातलं मांजर, अंगणातली खार नीट पाहा, त्यांच्या अंगावर केस कसे वळलेत ते वहीत बाणांनी नोंदवा आणि मगच पेन टूल उघडा. त्या वहीची पाच-दहा पानं भरली की तीन पुंजक्यांत प्राणी उभा करता येतो, मग समोर सॉफ्टवेअर कुठलंही असो.