विश्लेषण : कमाई मेहनतीची की नशिबाची?

कष्ट केले की फळ मिळतेच, असे सांगितले जाते. मग सारखेच राबणाऱ्या दोघांच्या हाती वेगवेगळी रक्कम का पडते? यशातला नशिबाचा वाटा मोजता येतो का? आणि कर, विमा, मदत यांच्याशी त्याचा संबंध काय?

कांद्याच्या पैशात कष्ट किती?

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि बाजार समित्यांमधले दर घसरले. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. खरिपाचा लाल कांदा फार काळ साठवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे ज्याचा माल बंदीच्या आधी बाजारात गेला त्याला एक भाव मिळाला, ज्याचा आठवडाभराने गेला त्याला दुसरा. बियाणे, खत, मजुरी सारखीच असली तरी फरक पडला तो तारखेचा. अर्थात कष्ट निरर्थक नाहीत. लावलाच नाही त्या कांद्याला कोणताच भाव मिळत नाही.

हे फक्त शेतीतच घडते का?

नाही. कॅनडातल्या पदवीधरांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदीच्या वर्षी पदवी घेणाऱ्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती आणि ही तूट भरून निघायला जवळपास १० वर्षे लागली. गुणवत्ता तीच, जन्मवर्ष तेवढे वेगळे.

वरच्या थरातही हेच दिसते. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २००१ मध्ये अमेरिकी तेल कंपन्यांच्या प्रमुखांचे वेतन तपासले. जागतिक बाजारात तेल महागले की या प्रमुखांचा पगार वाढत होता. तेलाचे जागतिक दर काही त्यांच्या हातात नव्हते. कंपनीवर मोठ्या भागधारकांचा वचक नसेल, तर नशिबाचा हा मोबदला अधिक मिळत होता.

निकालावरून निर्णय जोखणे का चुकते?

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शे यांनी १९८८ मध्ये काही लोकांना डॉक्टरांच्या निर्णयांचे मूल्यमापन करायला सांगितले. निर्णय आणि हाती असलेली माहिती तीच होती. तरीही रुग्ण वाचला असे सांगितले की लोक निर्णय चांगला ठरवत, दगावला म्हटले की वाईट. शेअर बाजारातही हेच होते. उधारीवर शेअर घेऊन पैसे कमावणारा हुशार ठरतो आणि तेच करून बुडालेला मूर्ख. निर्णय घेताना कोणती माहिती होती आणि किती जोखीम झेपणारी होती, हे पाहिले तरच पुढच्या वेळी काही शिकता येते.

याचा सरकारी धोरणाशी काय संबंध?

अमेरिका आणि नॉर्वेतल्या लोकांवर केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन कामगारांच्या मोबदल्यात फेरवाटप करायचे का, हे सहभागींनी ठरवायचे होते. फरक कामगिरीमुळे पडला असे कळले, तर दोन्ही देशांतले लोक तो अधिक सहज मान्य करत. तो सोडतीमुळे पडला असे कळले, की वाटप समान करण्याकडे कल वाढे. नॉर्वेत हा कल अधिक होता. म्हणजे श्रीमंती आणि गरिबी कशामुळे येते असे लोकांना वाटते, त्यावर कर आणि मदतीला किती पाठिंबा मिळेल हे ठरते.

मग शेतकऱ्याच्या नशिबाची हमी कोण घेते?

काही प्रमाणात विमा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या खरिपासाठी कमाल २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्के आणि नगदी व फलोत्पादन पिकांसाठी ५ टक्के असतो. मात्र ही योजना उत्पादनातले नुकसान भरून देते. भाव पडला तर नाही. कांद्याला किमान आधारभूत किंमतही नाही. त्यामुळे पाऊस रुसला तर भरपाईची वाट आहे, पण एका अधिसूचनेने भाव पाडला तर ते नुकसान शेतकऱ्याच्याच पदरात पडते. पावसावर कुणाचा ताबा नसतो, अधिसूचनेवर असतो. म्हणूनच कांद्यातल्या तोट्याला निव्वळ नशीब म्हणून सोडून देता येत नाही.